कोड पुसला, दिवा परत लागला: व्हीव्हीटीच्या मागे सात महिने

गेल्या जूनमध्ये खेड-शिवापूरच्या टोलच्या रांगेत माझी गाडी थरथरायला लागली. स्टिअरिंगवर हात ठेवला की चालू मिक्सरवर ठेवल्यासारखं वाटायचं. थोडी रेस दिली की शांत, सोडली की परत तेच. रांग पुढे सरकेपर्यंत दोनदा बंद पडली. साताऱ्यात शिरलो तेव्हा डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागलेला होता. गाडी अकरा वर्षांची, १.५ लिटर पेट्रोल, १,१२,००० किलोमीटर झालेली. इनटेकच्या, म्हणजे हवा आत घेणाऱ्या, बाजूला व्हीव्हीटी आहे, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ चालत्या इंजिनात मागेपुढे करणारी यंत्रणा.

पुढचे सात महिने तो दिवा विझत आणि लागत राहिला. दोन गॅरेजं, चार फेऱ्या, एक नवा भाग, एक फ्लशिंग, आणि शेवटी फेजर (व्हीव्हीटीची मुख्य चकती) व टायमिंग चेन बदलायचं ३८,००० रुपयांचं कोटेशन. दोष निघाला तो एका बोल्टमागच्या जाळीत, करंगळीच्या पेराएवढ्या. ज्यांच्या गाडीचा व्हीव्हीटीचा कोड, म्हणजे गाडीच्या संगणकाने नोंदवलेला दोषाचा आकडा, पुसला की पंधरा दिवसांनी परत येतो, त्यांच्यासाठी हे लिहितोय. 'व्हीव्हीटी ट्यून करून पॉवर वाढवू या' म्हणणाऱ्यांसाठीही, कारण मधल्या काळात माझ्या भाच्याने तोच हट्ट धरला होता.

काय काय झालं ते आधी क्रमाने सांगतो, कारण चूक त्या क्रमातच दडली होती.

जूनमध्ये गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, 'व्हीव्हीटीचा कोड आहे' म्हणाला आणि पुसला. नऊ दिवसांनी दिवा परत. जुलैमध्ये त्याच गॅरेजने ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह, म्हणजे व्हीव्हीटीला ऑइल सोडणारा भाग, नवा टाकला. सोबत 'इंजिन आतून काळं झालंय' म्हणून फ्लशिंग केलं, म्हणजे बाटलीतलं द्रव ओतून इंजिन आतून धुतलं, आणि नवं ऑइल भरलं. 'साहेब, जुन्या इंजिनाला जाड ऑइलच मानवतं,' असं म्हणून २०डब्ल्यू-५० भरलं. थरथर गेली. मी खूश. पाच आठवड्यांनी दिवा पुन्हा लागला. दुसऱ्या गॅरेजने कोड पाहिला, 'परत व्हीव्हीटीच, तो नवा पार्ट डुप्लिकेट असणार' म्हणत व्हॉल्व्ह काढून धुतला, बसवला, कोड पुसला. दोन आठवड्यांनी पुन्हा दिवा. मग ते ३८,००० चं कोटेशन आलं.

या काळात माझ्या लक्षात यायला हवी होती ती गोष्ट अशी. जूनमध्ये गाडी उभ्याने थरथरत होती, पण खंबाटकी तिसऱ्या गिअरमध्ये गुमान चढत होती. सप्टेंबरमध्ये टोलवर ती एकदम शांत उभी राहायची, पण पारगाव-खंडाळा सोडून घाटाला लागलं की दम टाकायची. पाय दाबला की आवाज वाढायचा, गाडी ओढायची नाही, दुसरा गिअर टाकावा लागायचा. म्हणजे लक्षणं अगदी उलटी झाली होती. दिवा तोच, म्हणून आम्ही सगळ्यांनी आजारही तोच धरला.

कोडचा शेवटचा आकडा

पावत्यांच्या मागे दोन्ही वेळचे कोड पेनाने लिहिलेले होते म्हणून बरं. जूनचा पी-००११, सप्टेंबरचा पी-००१२. बोलताना दोन्ही 'व्हीव्हीटीचा कोड'.

पी-००११ म्हणजे इनटेक कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा फिरता शाफ्ट) हवा त्यापेक्षा पुढे, म्हणजे ॲडव्हान्स राहिला, किंवा सांगितल्यावर मागे आला नाही. पी-००१२ म्हणजे तो मागेच, म्हणजे रिटार्ड राहिला, पुढे जायला सांगितलं तरी गेला नाही. पी-००१० हा विजेचा कोड आहे: वायर, कपलर, व्हॉल्व्हची कॉइल. पी-००१३, ००१४ आणि ००१५ हे त्याच क्रमाने एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणाऱ्या बाजूच्या) कॅमचे, म्हणजे ज्यांच्या गाडीत दोन्ही बाजूंना व्हीव्हीटी आहे त्यांच्यासाठी. पी-००१६ मात्र वेगळ्या जातीचा आहे. क्रँक (पिस्टन फिरवतात तो मुख्य शाफ्ट) आणि इनटेक कॅम यांचं एकमेकांशी असलेलं नातंच बिघडलंय, असं तो सांगतो. चेन ताणली गेलेली असू शकते किंवा दात सुटलेला असू शकतो. तो दिसला तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका. ज्या इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकाच जागेत आळीपाळीने येतात, तिथे चेनने आणखी एक-दोन दात सोडले तर व्हॉल्व्ह वाकतात आणि बिल माझ्या कोटेशनच्याही वर जातं.

कोड पुसण्याआधी आणखी एक गोष्ट उतरवून घ्यायची असते, फ्रीझ फ्रेम. दिवा लागला त्या क्षणी इंजिन किती फेऱ्यांवर होतं, पाणी किती तापलं होतं, लोड किती होता, हे सगळं इसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, जपून ठेवतो. कोड पुसला की तेही जातं. माझ्या बाबतीत पहिल्याच फेरीत ते पुसलं गेलं.

हा कॅम पुढे-मागे का करायचा?

क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक फेरी होते. ३,००० फेऱ्यांवर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो. इतक्या घाईत हवेलाही वजन असतं हे इंजिनाला जाणवायला लागतं. ती हलायला वेळ घेते आणि एकदा हलली की थांबायलाही वेळ घेते.

एसटीचं उदाहरण घ्या. एकाच दारातून लोक उतरतायत आणि चढतायत. गर्दी कमी आणि सगळं निवांत असेल तर उतरणारे पूर्ण उतरल्यावरच चढणाऱ्यांना सोडलेलं बरं, नाहीतर उतरणारा माणूस रेट्यात परत आत ढकलला जातो. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, हेच होतं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटायच्या आत इनटेक उघडला की जळका धूर इनटेकमध्ये शिरतो, पुढच्या फेरीत ताज्या हवेबरोबर परत आत येतो आणि इंजिन मिस मारतं. म्हणून आयडलिंगला कॅम मागे ठेवतात. माझी जूनची थरथर हीच. ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह अडकल्यामुळे कॅम पुढेच राहिला होता.

चढावर मधल्या फेऱ्यांना पूर्ण पाय दाबला की गणित फिरतं. इनटेक मागे असेल तर तो उशिरा मिटतो. पिस्टन वर निघालेला असतो आणि नुकतीच आत आलेली हवा त्याच दाराने बाहेर ढकलली जाते. कॅम पुढे आणला तर दार वेळेवर लागतं, सिलिंडर भरलेला राहतो आणि टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, मिळतो. माझ्या सप्टेंबरच्या खंबाटकीचं कारण हे. अगदी वरच्या फेऱ्यांना पुन्हा उलटं. हवा इतक्या वेगात येत असते की पिस्टन वर निघाला तरी ती धावत धावत आत शिरत राहते, तेव्हा दार थोडा वेळ उघडं ठेवणं फायद्याचं. डबल बेल कधी द्यायची ते कंडक्टरने गर्दी बघून ठरवायचं. तो कंडक्टर म्हणजे इसीयू.

कॅमच्या टोकाला फेजर नावाची चकती असते, तिच्या आत पात्या आणि कप्पे. पातीच्या एका बाजूला इंजिन ऑइल दाबाने सोडलं की कॅम पुढे सरकतो, दुसऱ्या बाजूला सोडलं की मागे. कुठल्या बाजूला किती सोडायचं ते ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह ठरवतो. या व्हॉल्व्हला इसीयू सेकंदाला अनेक वेळा चालू-बंद करून सांभाळतो. कॅम सेन्सर आणि क्रँक सेन्सर बघून कॅम खरंच किती सरकला ते मोजलं जातं. म्हणजे हात विजेचा असला तरी ताकद सगळी ऑइलची. ही एवढी गोष्ट डोक्यात ठेवून मी शोधायला बसलो असतो तर जुलैतच सुटलो असतो.

यालाच जोडून एक सांगतो. नावात व्हीव्हीटी, व्हीटेक किंवा तत्सम काही आहे म्हणून सगळ्यांत फेजर असतोच असं नाही. होंडाने १९८९ साली जपानमध्ये इंटिग्रात आणलेल्या पहिल्या व्हीटेकमध्ये कॅम सरकत नव्हता. ऑइलच्या दाबाने पिना सरकून रॉकर दुसऱ्या, उंच कॅमवर चढायचे. १.६ लिटरमधून १६० हॉर्सपॉवर काढले ते त्या जोरावर. उत्पादनातल्या गाडीत कॅमची वेळ बदलण्याचं काम त्याआधीच, १९८० साली अल्फा रोमिओच्या स्पायडरमध्ये झालं होतं. आपल्या गाडीत नेमकं काय आहे ते मॅन्युअलमध्ये बघूनच पुढचं वाचा.

शोध

डिसेंबरच्या एका रविवारी, वर्गमित्राच्या छोट्या गॅरेजमध्ये, चहाच्या दोन फेऱ्यांत हे सगळं झालं. सुरुवात ऑइलची पातळी बघायच्या काडीपासून. इंजिन बंद करून पाच मिनिटं थांबलो, काडी पुसून परत घातली. ऑइल पातळीत होतं. ते कमी असतं तर पुढचं सगळं तिथेच थांबलं असतं, कारण ऑइल पंपाने थोडी हवा ओढली तरी फेजर आधी बोंबलतो, ऑइलचा लाल दिवा नंतर लागतो.

मग लाइव्ह डेटा. दोन आकडे एकत्र बघायचे असतात, इसीयूने मागितलेला कॅमचा कोन आणि प्रत्यक्षातला. मोबाइलला जोडायचे हजार-दीड हजारांचे ब्लूटूथ स्कॅनर कोड वाचतात, पण कॅमचे कोन सगळ्या गाड्यांत दाखवत नाहीत. ते बहुतेकदा कंपनीच्या खास डेटात असतात. मित्राकडचा स्कॅनर दाखवत होता. मी चालवत होतो, तो शेजारी बसून वाचत होता. यवतेश्वरच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये, २,८०० फेऱ्यांवर, मागणी २८ अंश आणि प्रत्यक्षात ९. पाय तसाच दाबून ठेवला तेव्हा रांगत रांगत १५. पाय सोडल्यावर मात्र लगेच शून्य.

सगळ्यात जास्त कळलं ते इथेच. कॅम अडकलेला असता तर आकडा हललाच नसता. तो हलत होता, पण पुढे जाताना मरगळलेला आणि मागे येताना चपळ. इनटेक कॅम व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांविरुद्ध फिरत असतो, त्यामुळे घर्षणाने तो आपसूक मागे ओढला जातो. पुढे ढकलायला ऑइल लागतं. ऑइल अपुरं पोचलं की नेमकं असंच दिसतं.

आता ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह. त्याचा कपलर (वायरींचा जोड) काढून मल्टिमीटरने कॉइलचा रोध मोजला, ७ ओहमच्या आसपास. बऱ्याच जपानी गाड्यांत थंड इंजिनला एवढाच असतो, तरी आपल्या मॅन्युअलचा आकडा बघावा. मग माझ्या आवडीची चाचणी. इंजिन गरम, आयडलिंगवर, कपलर काढलेला. फ्यूज लावलेल्या दोन वायरींनी बॅटरीचे १२ व्होल्ट दोन-तीन सेकंद थेट व्हॉल्व्हला द्यायचे. कॅम एकदम पूर्ण पुढे जायला हवा आणि इंजिन धडधडून जवळजवळ बंद पडायला हवं. वायर काढली की परत शांत. गाडी अशी बिघडली की आनंद मानायचा. याचा अर्थ व्हॉल्व्ह, ऑइलची वाट आणि फेजर तिघेही जागेवर आहेत आणि दोष वायरिंगमध्ये किंवा सेन्सरमध्ये शोधायचा. कपलर काढल्यामुळे पी-००१० येतो, तो शेवटी पुसायचा. १२ व्होल्ट जास्त वेळ देऊ नका, कॉइल तापून जळते.

आमची गाडी बिघडलीच नाही. आवाज किंचित जाड झाला, बस. व्हॉल्व्ह काढून हातात घेतला, एकच १० नंबरचा बोल्ट असतो. १२ व्होल्ट दिल्यावर आतला दांडा टक्कन सरकत होता. म्हणजे नवा पार्ट डुप्लिकेट वगैरे काही नव्हता, बिचारा चांगला होता. उरले दोघे, ऑइलची वाट आणि फेजर. इथे घाईत फेजर उघडायचा नसतो. फेजरसाठी टायमिंग कव्हर खोलावं लागतं, वाट बघायला एक बोल्ट पुरतो.

माझ्या इंजिनात व्हॉल्व्हला जाणाऱ्या ऑइलसाठी वेगळी जाळी आहे आणि ती व्हॉल्व्हवर नाही. हेडच्या बाजूला, व्हॉल्व्हपासून चार बोटं खाली, एका पोकळ टोपीसारख्या बोल्टमागे बसते. काही गाड्यांत ती व्हॉल्व्हच्याच अंगावर असते, काहींत पॅकिंगमध्ये. दोन गॅरेजांनी व्हॉल्व्ह काढला, बदलला, धुतला, पण त्या बोल्टकडे कुणी बघितलं नाही. मीही नाही. तो बोल्ट तिथे कशाला आहे हे मॅन्युअलमधल्या चित्रात बाण दाखवून लिहिलेलं होतं.

जाळी निघाली तेव्हा तिच्यावर चहाच्या चोथ्यासारखा काळा थर होता. अर्ध्याहून जास्त भोकं बंद. चोथ्यात एक राखाडी रबरी तुकडाही होता. कधीतरी टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या वरच्या झाकणाच्या) पॅकिंगला कुणीतरी सढळ हाताने लावलेलं सिलिकॉन आत सांडून सुटलं होतं.

मग कोडं उलगडलं, आणि त्यात पहिला दोषी मीच निघालो. कोविडनंतर माझं पुण्याला जाणं कमी झालं. 'कुठे फार चालते' म्हणत मी जवळजवळ दीड वर्ष ऑइल बदललं नव्हतं. किलोमीटर १०,००० च्या आतच होते. पण गावातल्या गावात दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत ऑइल नीट तापतच नाही. त्यात पाण्याची वाफ आणि थोडं पेट्रोल साचत राहतं आणि ऑइल लवकर खराब होतं. म्हणून मॅन्युअलमध्ये किलोमीटरसोबत महिनेही लिहिलेले असतात, जे आधी येईल ते. त्या चिकट थराने जूनमध्ये व्हॉल्व्हचा दांडा पुढच्या बाजूला अडकवला, म्हणून पी-००११. जुलैमध्ये नवा व्हॉल्व्ह आला, तो आजार खरंच बरा झाला. पण त्याच दिवशीच्या फ्लशिंगने हेडमध्ये वर्षानुवर्षं निपचित पडलेला गाळ सोडवला आणि तो प्रवाहाबरोबर जाळीवर जाऊन बसला. वरून जाड ऑइल. म्हणून पी-००१२.

जाड ऑइलबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण हा सल्ला प्रत्येक गल्लीत मिळतो. ऑइलच्या डब्यावरचा दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअसला ते किती दाट राहतं ते सांगतो. ३० ग्रेडचं ऑइल त्या तापमानाला ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक असतं, ५० ग्रेडचं १६.३ ते २१.९. माझ्या इंजिनला ५डब्ल्यू-३० सांगितलेलं आहे. म्हणजे गरम इंजिनातही ते दीडपट-दुप्पट दाट ऑइल त्या बारीक जाळीतून आणि व्हॉल्व्हच्या सुईएवढ्या वाटांतून रेटायचं होतं. सकाळी गार इंजिनात तर फरक आणखी मोठा. मोठ्या बेअरिंगांच्या, ढिल्या झालेल्या जुन्या डिझेलला जाड ऑइलने आराम पडत असेल, मी वाद घालत नाही. पण फेजरच्या इंजिनात दाट ऑइलमुळे प्रेशर गेजचा आकडा छान दिसतो आणि ऑइल मात्र वेळेवर पोचत नाही. दाब आणि प्रवाह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सीएनजीवाल्यांना आणखी एक: सीएनजीवर ऑइल काळं पडायला वेळ लागतो, म्हणून रंग बघून 'अजून चालेल' ठरवू नका.

जाळी पेट्रोलमध्ये धुतली, उजेडासमोर धरून प्रत्येक भोक बघितलं, नवा वॉशर घालून बसवली. फाटलेली असती तर नवी घेतली असती. फाटकी जाळी परत बसवण्यात अर्थ नाही, आणि जाळी काढून नुसता बोल्ट लावणं तर फेजरच्या जिवावर उठण्यासारखं आहे. ५डब्ल्यू-३० आणि नवा फिल्टर. १,००० किलोमीटरनंतर पुन्हा ऑइल आणि फिल्टर बदलले, जाळी पुन्हा काढून पाहिली. चार-पाच काळे कण होते. तेव्हा तिसऱ्यांदा बघायची गरज वाटली नाही. गाळ खूप असेल तर इंजिनखालचं ऑइल चेंबर उतरवून ऑइल पंपाची गाळणी धुणं हा खरा उपाय. बाटलीतलं फ्लशिंग ओतून दहा मिनिटं इंजिन चालवण्यापेक्षा चांगलं ऑइल लवकर लवकर बदलत गाळ हळू काढणं मला आता पटतं.

त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये, मागणी २८ आणि प्रत्यक्षात २७. एकूण खर्च दोन वेळच्या ऑइल-फिल्टरचा आणि एका वॉशरचा.

तुमचा दोष वेगळा असेल तर

पी-००१० असेल तर ऑइलकडे बघूच नका, बोनेट उघडून वायरिंगवरून बोट फिरवा. शेतात किंवा झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदीर हाच पहिला संशयित. कपलरमध्ये पावसाळ्यात हिरवट गंज धरतो, कधी हेडच्या बाजूने गळणारं ऑइल कपलरमध्ये शिरतं. लाइव्ह डेटात प्रत्यक्ष कोन वेड्यासारखा उड्या मारत असेल, २० वरून एकदम शून्य, तर कॅम इतक्या वेगाने हलूच शकत नाही. सेन्सर किंवा त्याची वायर बघा.

सकाळी सेल्फ मारल्यावर दोन-तीन सेकंद कर्रर्र असा खडखडाट येऊन थांबत असेल तर फेजरची लॉक पिन झिजली असू शकते. ऑइल पोचेपर्यंत फेजरला जागेवर धरणं तिचं काम. ती निसटली की पात्या कप्प्याच्या भिंतींवर आपटतात. ताणलेली चेन किंवा तिला घट्ट धरणारा टेन्शनर कमजोर झाला तरी असाच आवाज येतो. फेजर आणि चेनवर पैसे घालायची वेळ तेव्हा येते, जेव्हा ऑइल बरोबर आहे, जाळी साफ आहे, व्हॉल्व्ह सरकतोय, ऑइल प्रेशर मॅन्युअलप्रमाणे आहे आणि तरीही १२ व्होल्टच्या चाचणीत इंजिन ढिम्म राहतं. त्या क्रमाने पोचलात तर कोटेशनवर बिनधास्त सही करा.

आणि ट्यूनिंग?

गाडी घाटात ओढत नव्हती तेव्हा भाचा म्हणाला होता, 'मामा, इसीयू रिमॅप करून घ्या, व्हीव्हीटी ट्यून करून देतात, पिकअप वाढेल.' तेव्हा ते केलं असतं तर काय झालं असतं? नव्या नकाशात, म्हणजे इसीयूमधल्या आकड्यांच्या तक्त्यात, २८ च्या जागी ३५ अंश मागितले असते आणि कॅम ९ वरच बसला असता. ज्याला सांगितलेलं ऐकू येत नाही त्याला ओरडून सांगण्यातला प्रकार.

यंत्रणा ठणठणीत असेल तर व्हीव्हीटी ट्यूनिंग हे खरं आणि शिकण्यासारखं काम आहे. ते डायनोवरच, म्हणजे गाडी जागेवर धरून तिची ताकद मोजणाऱ्या यंत्रावरच, होतं. इंजिनला पूर्ण पायावर एका ठरावीक फेरीवर, समजा २,५०० वर, धरून ठेवायचं आणि कॅमचा कोन शून्यापासून पाच-पाच अंशांनी वाढवत प्रत्येक ठिकाणी टॉर्क लिहायचा. टॉर्क वाढत जातो, एका कोनाला सपाट होतो, मग पडतो. तो सपाट भाग तुमचा. मग ३,०००, मग ३,५००, अशी वही भरत वरपर्यंत. फेऱ्या वाढल्या की सर्वोत्तम कोन साधारण पुन्हा मागे सरकत जातो. नकाशातल्या शेजारच्या दोन खान्यांत अचानक मोठी उडी ठेवायची नाही, फेजरला तिथे पोचायला वेळ लागतो आणि गाडी हिसके देते.

इथे दोन चुका नेहमी होतात. पहिली, कॅम हलवल्यावर सिलिंडरमध्ये किती हवा भरते आणि किती जळका वायू उरतो ते बदलतं. म्हणून इंधन आणि ठिणगीची वेळ नव्याने बसवावीच लागते. तसं केलं नाही तर मिळालेला टॉर्क नॉकिंगमध्ये (इंधन अवेळी पेटून ठोके पडण्यात) जातो. दुसरी, अंश कॅमचे की क्रँकचे हे न विचारणं. कॅमचे २० अंश म्हणजे क्रँकचे ४०. बरेच स्कॅनर आणि सॉफ्टवेअर क्रँकचे अंश दाखवतात. जास्त उंचीचे कॅम टाकलेल्या इंजिनात हा गोंधळ व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटेपर्यंत जाऊ शकतो.

माझं मत विचाराल तर साध्या, टर्बो नसलेल्या, रोजच्या वापराच्या इंजिनात एवढा खटाटोप फळत नाही. पूर्ण पायावरचा कंपनीचा नकाशा आधीच बराच जवळ असतो. अर्ध्या पायावर कंपनीने कोन टॉर्कसाठी निवडलेलेच नसतात. थोडा जळका वायू आत ठेवून ज्वलन थंड करायचं, नायट्रोजनचे ऑक्साइड कमी करायचे आणि इंधन वाचवायचं, हा तिथला हिशेब. तो बिघडवला तर गाडी तीच राहते, पेट्रोल जास्त पिते आणि उत्सर्जन बिघडतं. इनटेक, एक्झॉस्ट, कॅम बदललेल्या किंवा टर्बो बसवलेल्या ट्रॅकच्या गाडीची गोष्ट वेगळी, तिथे जुना नकाशा निरुपयोगीच झालेला असतो. रस्त्यावरच्या गाडीत बदल करताना मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि वॉरंटी या दोन्हींची चौकशी आधी करा.

भाचा अजून पूर्ण पटलेला नाही. परवा त्याला शेजारी बसवून, मांडीवर स्कॅनर देऊन खंबाटकी चढवली. तिसऱ्याच गिअरमध्ये. माथ्यावर पोचेपर्यंत तो 'मागणी अमुक, आलं तमुक' असं मोठ्याने वाचत होता आणि फरक कुठेच दोन अंशांच्या वर गेला नाही. एक गोष्ट मात्र अजून माझ्या वहीत आहे. गाडी चार-पाच दिवस उभी राहिली तर पहिल्या सेल्फला जेमतेम एक सेकंद तो कर्रर्र आवाज येतो. दर सोमवारी सकाळी मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवतोय. तो दोन सेकंदांच्या पुढे गेला की टायमिंग कव्हर उघडायचं, असं मित्राबरोबर ठरलंय.